गडद-फिकट शिकवायला कात्री

प्रश्न : पेन्सिलीने छायाप्रकाश काढताना आठवीच्या मुलांचं चित्र सगळीकडे सारखंच करडं होतं. म्हणून काळ्या घोटीव कागदाच्या चौकोनातून आकार कापून ते कडेबाहेर उलटवून चिकटवायला दिले. तुकडे पांढरे दिसले आणि कागदाला सुरकुत्या पडल्या. काय चुकलं?
– कलाशिक्षिका, तासगाव

उत्तर : मुलांचं काही चुकलं नाही, कागद चुकला. घोटीव कागद मागून पांढरा असतो आणि या प्रकारात प्रत्येक तुकडा दाराच्या फळीसारखा बाहेर उलटतो. दोन्ही बाजूंनी काळा असलेला पातळ कार्डपेपर घ्या. घोटीवच वापरायचा असेल, तर अर्धवर्तुळ किंवा समद्विभुज त्रिकोण असे दोन्हीकडे सारखे आकार द्या. ते न उलटवता, नुसते फिरवून लावले तरी बरोबर बसतात.

काळा चौकोन 10 सेंमीचा, पांढरा कागद 20 सेंमीचा. आकार कडेपासूनच सुरू व्हावा, 3-4 सेंमीपेक्षा खोल नको. दोन आकारांमध्ये किमान 5 मिमी काळा कागद राहू द्या, नाहीतर चौकोनाचे तुकडे पडतात. कापताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरवायचा. आधी उरलेला चौकोन मधोमध चिकटवा, मग प्रत्येक तुकडा त्याच्या खाचेसमोर. झाडाच्या पानाचा आकार कापून त्याच्या आत शीरही कापली असेल, तर ती शीर परत खाचेत, तिच्या जागी. एकही कपटा टाकायचा नाही, खरा धडा तोच आहे : पांढरी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, तोही आकारच. जपानीत या गडद-फिकट मांडणीला ‘नोतान’ म्हणतात.

सुरकुत्या ओल्या डिंकाने पडतात. कागद पाण्याने फुगतो आणि वाळताना आकसतो. ग्लू स्टिक मध्यापासून कडेकडे फिरवा, वर रद्दी कागद ठेवून वह्यांखाली दाबा.

हे जमलं की तिसरी छटा आणा. बारीक मजकुराचं वर्तमानपत्र लांबून करडं दिसतं. सांगलीचा आयर्विन पूल यासाठी फार चांगला विषय आहे : आकाश पांढरं, दगडी भिंत वर्तमानपत्राची, कमानीची सावलीतली आतली बाजू काळी. मुलं अख्खी कमान काळी कापतात. त्यांना नदीकाठी नेऊन डोळे किलकिले करून बघायला लावा, कमानीतून पलीकडचा उजेड दिसतो. पेन्सिलीची बाह्यरेषा मात्र अजिबात नको. दोन छटा भिडतात तिथेच कड तयार होते. सारख्या छटा शेजारी आल्या आणि कड हरवली, तर हरवू द्या.

प्रश्न : रंगीत कागदाने हे शिकवता येईल का?
– शिक्षक, सातारा

उत्तर : येईल, पण काळं-पांढरं झाल्यावर. रंगीत तुकडे बाकावर मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटले, तरी फोटोत बहुधा एकच होतात. पिवळा पांढऱ्यावर विरतो, काळ्यावर उठतो. फोटो बघून मुलांनी तुकडे गडदापासून फिक्याकडे ओळीने लावावेत, मगच चिकटवायला बसावं.