फुटबॉलमध्ये भारतासाठी सुनील छेत्रीचे ९५ गोल मान्य, पण परदेशी क्लबात तो का चालला नाही? मग त्याला ग्रेट कशासाठी म्हणायचं?

तुमच्या प्रश्नातलं ते 'मान्य, पण' वाचलं आणि समोर गिऱ्हाईक उभं असताना मोबाईल हातात घेतला. कारण हेच वाक्य आमच्या घरी दर गणपतीत ऐकायला मिळतं. माझा आतेभाऊ मुंबईहून येतो, आरती आटपली की मँचेस्टर युनायटेडची लाल जर्सी चढवून पडवीत बसतो आणि चालू होतो, "तुमचो छेत्री गोल मारता ता खरा, पण समोर असता कोण? नेपाळ नायतर मालदीव." मग माझा आवाज चढतो, मग आई आतून ओरडते.

आधी परदेशाचं सांगतो म्हणजे विषय संपला. २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने, म्हणजे इंग्लंडच्या क्लबने, त्याला करारावर घेतलं होतं. वर्क परमिट मिळालं नाही. का, तर खेळाडूचा देश फिफा रँकिंगमध्ये पहिल्या सत्तरात पाहिजे असा तिकडचा तेव्हाचा नियम, आणि आपण तेव्हा दीडशेच्या आसपास. आता यात छेत्रीने काय करायचं होतं? एकट्याने देशाचं रँकिंग ऐंशी नंबर वर न्यायचं? २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी विझार्ड्सकडे गेला, तिथे अधिकृत मॅच जेमतेम एक, यूएस ओपन कपची. २०१२ ला पोर्तुगालच्या स्पोर्टिंगने घेतला पण ठेवला बी टीममध्ये, दुसऱ्या डिव्हिजनला, थोड्या मॅचेस झाल्या आणि लोनवर, म्हणजे उसना, परत गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडे. त्या सीझनला चर्चिलने आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मोठी लीग, जिंकली ते कोणी सांगत नाही. नाही चालला तिकडे, ठीक आहे, लपवण्यासारखं काही नाही.

पण कॅन्सस सिटीत असताना त्या टीमची एक फ्रेंडली झाली होती, जुलै २०१० मध्ये, आणि त्यात छेत्री सब्स्टिट्यूट म्हणून उतरला होता, आणि कॅन्सस सिटी ती मॅच २-१ ने जिंकली होती. समोर कोण होतं? मँचेस्टर युनायटेड. हे मी पडवीत सांगितलं तेव्हा आतेभाऊ म्हणाला, "फ्रेंडली होती रे." असू दे ना फ्रेंडली, जर्सी तीच होती की.

आता खरं काय ते. २०१८ च्या जून महिन्यात मुंबईत अंधेरीला इंटरकाँटिनेंटल कप होता. भारताने पहिल्या मॅचमध्ये चायनीज तैपेईला ५-० ने हाणलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि स्टेडियममध्ये माणसं अडीच हजाराच्या आसपास. आमच्याकडे शिरोड्याला नाहीतर वेंगुर्ल्याला अंडरआर्म क्रिकेटची नाईट टुर्नामेंट असली तरी गर्दी मावत नाही, लोक गडग्यावर बसून बघतात, आणि इथे देशाची टीम! दुसऱ्या दिवशी छेत्रीने तो व्हिडिओ टाकला. युरोपियन क्लबांचे फॅन असाल, आमचा खेळ त्या लेव्हलचा नसेल, तरी या, तोंडावर शिव्या घाला, पण स्टेडियममध्ये या, असं त्याचं म्हणणं. कॅप्टनला हात जोडून हे सांगावं लागतं! मी तो व्हिडिओ दुकान बंद करता करता बघितला आणि मला स्वतःचीच लाज वाटली असं म्हणणार नाही, मला आतेभावाची लाज वाटली, कारण तो जोगेश्वरीला राहतो, स्टेडियमपासून रिक्षाच्या अंतरावर.

दोन तिकिटं ऑनलाइन काढली, एक त्याचं. नशीब लवकर काढली, नंतर सगळी संपली. रविवारी संध्याकाळी सावंतवाडीहून कोकणकन्या, जनरलचा डबा, मे संपून पोरांच्या शाळा सुरू व्हायच्या बेतात त्यामुळे निम्मा चाकरमानी समाज फणस, आंब्याच्या पेट्या आणि आमसुलांच्या पिशव्या घेऊन परत निघालेला, संडासाच्या दारात पण कोणीतरी पेटीवर बसलेलं. सकाळी दादरला उतरलो ते अंग आंबून. आत्याकडे गेलो, जेवलो, झोपलो, आणि दुपारनंतर जो पाऊस धरला तो काही थांबेना. आत्या म्हणते, "मेल्या, ह्या पावसात खंय चल्लंस? ताप येतलो." ते एक वेळ समजू शकतो, ती आत्या आहे. पण हा? "टीव्हीवर दिसतंच की." तिकीट समोर टीपॉयवर ठेवलेलं, पैसे भरलेले, आणि हा टीव्हीवर दिसतंच की म्हणतो.

गेलो एकटा. त्याचं तिकीट गेटवर एका कॉलेजच्या पोराला दिलं, पैसे घेतले नाहीत. आत बसायला सीट होती पण सीटवर पाणी. मैदान म्हणजे आमच्याकडे लावणीच्या आधी चिखल केलेला कोपरा असतो ना तसं, पास दिला की बॉल दोन-तीन मीटर जायचा आणि पाण्यात रुतून थांबायचा, पुढचा माणूस धावत निघून गेलेला असायचा. समोर केनिया. फर्स्ट हाफ ०-० आणि माझ्या मागची माणसं म्हणायला लागली की झालं, आता हे ड्रॉ करणार. छेत्रीची ती शंभरावी इंटरनॅशनल. सेकंड हाफला पेनल्टी मिळाली, त्यानेच मिळवली आणि त्यानेच मारली. लगेच आपल्या स्ट्रायकर जेजेचा दुसरा. आणि अगदी शेवटी, इंज्युरी टाइममध्ये, छेत्री एकटा गोलकीपरसमोर. अशा चिखलात माणूस जोरात मारून मोकळा होतो, कारण बॉलच्या खाली पाय घालायचा तर अर्धं पाणीच उडतं. यानं अलगद उचलला. कीपरच्या वरून. बॉल हवेत असतानाच माझ्या शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडला होता, भिजलेला, अंगाला सिगारेटचा वास. ३-०.

रात्री घरी पोचलो तर हा सोफ्यावर प्रीमियर लीगचे जुने हायलाइट्स बघत होता. जुने. मला विचारतो, "किती झाले?"

पुढे फायनलला परत केनिया, २-०, दोन्ही छेत्रीचे, आणि तेव्हा त्याचे ६४ गोल झाले, मेस्सीइतके. तेव्हापासून ती तुलना सुरू झाली. तुलना करणारे पण डोक्यावर पडलेले आहेत हे आधीच सांगून ठेवतो.

आता 'दुबळ्या टीम' वाल्यांना. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपची, म्हणजे आशियातल्या देशांच्या एका कपची, फायनल, दिल्लीत, ताजिकिस्तानविरुद्ध ४-१, त्यात याची हॅटट्रिक, आणि त्यामुळे भारत १९८४ नंतर पहिल्यांदा एशियन कपला गेला. २०११ च्या त्या एशियन कपात आपण तिन्ही मॅच हरलो, पण बहरीनवर आणि दक्षिण कोरियावर याने गोल केलेत. कोरिया दुबळी टीम आहे का? २०१९ ला थायलंडला ४-१, दोन याचे. क्लबकडून, म्हणजे बेंगळुरू एफसीकडून, बघायचं तर २०१६ ची एएफसी कपची, आशियातल्या क्लबांच्या कपची, सेमीफायनल बघा, बेंगळुरूत, मलेशियाची जोहोर ही आदल्या वर्षीची चॅम्पियन टीम, आणि एक गोलने मागे पडल्यावर याने दोन मारले. भारतीय क्लब त्या कपच्या फायनलला पहिल्यांदा गेला तो असा.

अजून एक, ज्याच्यावर कोणी बोलत नाही. आपल्या क्लबांना पुढे स्ट्रायकर लागला की ते परदेशी आणतात. भारतीय पोराला विंगला ढकलतात नाहीतर मिडफिल्डला. छेत्री स्वतः बेंगळुरू एफसीकडून किती सीझन डाव्या बाजूने खेळला. म्हणजे आठवडाभर क्लबसाठी एका जागी खेळायचं आणि देशासाठी नऊ नंबर, म्हणजे मधला मुख्य स्ट्रायकर, बनून गोल आणायचे. म्हणून तर जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निवृत्त झालेल्या माणसाला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावं लागलं, चाळिशीत, आणि आल्या आल्या मालदीववर गोल. (हो, मालदीव. बोल आता.) त्याच सीझनला आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, त्याचे १४ गोल होते, भारतीयांत सगळ्यात जास्त. यात छेत्रीचा मोठेपणा जितका आहे तितकीच बाकी सगळ्यांची नाचक्की आहे.

बरं, बाजू एकच मांडतोय असं नको वाटायला. ९५ मधले बरेच गोल सॅफ कप, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांचा कप, आणि तसल्या मॅचेसमधले आहेत हे खरंय. जानेवारी २०२४ च्या एशियन कपात तो कॅप्टन असताना आपण तीन मॅचमध्ये शून्य गोल केले. त्याच्या १५० व्या मॅचला गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो, पेनल्टी त्याने मारलेली असून हरलो. आणि परत यायला नको होतं असं मलाही वाटतं, कोलकात्याचा निरोप चांगला झाला होता. पण समोर कोण खेळणार ते खेळाडू ठरवत नाही, वेळापत्रक ठरवतं. गल्लीतल्या टीमसमोर सलग एकोणीस-वीस वर्षं गोल मारत राहून दाखवा, मग बोलू. निव्वळ आकड्यात त्याच्या वर आता तिघंच आहेत, रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई.

ग्रेट म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, माझी परवानगी कशाला पाहिजे. पण ठरवायच्या आधी भारतातल्या स्टेडियममध्ये बसून एक मॅच बघा, पैसे देऊन. मी २००९ च्या सुमारास छेत्रीला गोव्याच्या डेम्पो क्लबच्या जर्सीत मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये बघितलंय, पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडून गेलो होतो, आणि टीव्हीवर जे अजिबात कळत नाही ते म्हणजे बॉल दुसरीकडे असताना हा माणूस काय करत असतो. सतत मान वळवून बघणार, दोन पावलं सरकणार, परत मागे. नव्वद मिनिटं फक्त त्यालाच बघत बसलो तरी पैसे वसूल.

तुम्ही सिंधुदुर्ग किंवा दक्षिण रत्नागिरीकडचे असाल तर फातोर्डा मुंबईपेक्षा जवळ आहे, एफसी गोवाच्या मॅचेस तिथेच होतात. फक्त रात्रीची मॅच असेल तर परत यायला गाडी मिळेल या भरवशावर जाऊ नका, स्वतःची बाईक घ्या नाहीतर मडगावला ओळखीच्या कोणाकडे पथारी टाका. आणि आतेभावाला बरोबर घेऊन जाणार असाल तर तिकिटाचे पैसे आधी घ्या.