घरच्या डीएनए चाचणीमुळे मुलीचा वारसाहक्क जातो का?

प्रश्न : माझे वय ५१ असून माहेर पुण्यात शनिवार पेठेत आहे. आईला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता आणि मावशी त्याच आजाराने गेली. म्हणून दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या भाच्याने आणलेल्या किटमध्ये मी आणि थोरल्या भावाने लाळेचे नमुने दिले. दोन्ही नमुन्यांची नोंदणी भाच्याने स्वतःच्याच खात्यावर केली. अहवालात माझ्यात कर्करोगाशी संबंधित एक जनुकीय बदल दाखवला आहे. शिवाय भाऊ आणि मी सख्खी नसून ‘अर्धी’ भावंडे आहोत, असेही म्हटले आहे. आईवडिलांचे लग्न १९६६ चे, माझा जन्म १९७४ चा. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि १९७३-७४ मध्ये काही महिने त्यांची नेमणूक जबलपूरला होती. २०१९ मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. आता वाड्याचा पुनर्विकास ठरला आहे. भाऊ म्हणतो, ‘तू बाबांची नाहीस, हक्कसोडपत्रावर सही कर, नाहीतर कोर्टाकडून तुझी आणि आईची चाचणी करून घेईन.’ काँग्रेसचे नेते नारायणदत्त तिवारींचेही रक्त कोर्टाने घेतलेच होते, असा त्याचा दाखला आहे. त्याने तो अहवाल नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटातही टाकला. आई ७९ वर्षांची असून तिला यातले काही ठाऊक नाही. माझा हिस्सा जाईल का? आणि कर्करोगाविषयीची नोंद विमा कंपनीला कळवावी लागेल का?

उत्तर : तुम्ही दिलेल्या माहितीवरून, या अहवालामुळे तुमचा वारसाहक्क आज कोणत्याही प्रकारे कमी झालेला नाही आणि केवळ त्याच्या बळावर तो पुढे कमी होण्याची शक्यताही मला फार थोडी दिसते. तो कमी करण्याचा खरा धोका एकाच कागदात आहे, आणि तो म्हणजे तुमच्यापुढे ठेवलेले हक्कसोडपत्र.

आधी अहवाल काय म्हणतो ते नीट पाहू, कारण तुमच्या भावाने तो सोयीने वाचला आहे. सख्ख्या भावंडांच्या जनुकांत साधारण ५० टक्के साम्य असते आणि आईवडिलांपैकी एकच समान असलेल्यांत साधारण २५ टक्के. तुमच्या बाबतीत कंपनीला दुसऱ्या प्रकारचे साम्य आढळले, एवढाच त्याचा अर्थ. आई दोघांची एकच असल्याविषयी घरात वाद नाही, असे धरले तर वडील वेगळे असावेत, हा तर्क निघतो. परंतु दोघांपैकी तुमच्या वडिलांचे अपत्य कोणते, याविषयी हा अहवाल पूर्णपणे मुका आहे. वडील हयात नाहीत, त्यांचा नमुना कधी घेतलेला नाही, आणि तुमच्या पत्रात एकाही चुलत नातेवाइकाच्या चाचणीचा उल्लेख नाही. जो निष्कर्ष भाऊ तुमच्यावर लादतो आहे, तो तितक्याच ताकदीने त्याच्यावरही लादता येतो. ज्या फांदीवर आपण बसलो आहोत तिच्यावरच तो कुऱ्हाड चालवतो आहे, हे त्याच्या वकिलाच्या लक्षात पहिल्याच भेटीत यायला हवे.

आता कायदा. वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यावर आईने पुनर्विवाह केला नसताना २८० दिवसांच्या आत, जन्मलेले अपत्य हे त्या पतीचेच औरस अपत्य होय, याचा तो जन्मच ‘निर्णायक पुरावा’ मानला जातो. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये तो तसाच आला आहे. निर्णायक या शब्दाला येथे विशेष अर्थ आहे : एकदा विवाह आणि जन्म सिद्ध झाले की त्याविरुद्ध पुरावा देण्याची परवानगीच न्यायालय देत नाही. अपवाद एकच ठेवला आहे. ज्या काळात गर्भधारणा होऊ शकली असती त्या संपूर्ण काळात पतिपत्नींना एकमेकांच्या सहवासाची संधीच नव्हती, हे दाखवून द्यावे लागते. तुमचा जन्म विवाहानंतर आठ वर्षांनी झालेला असल्यामुळे आरंभीच तुम्ही या संरक्षणाच्या आत आहात.

भाऊ जबलपूरच्या नेमणुकीचा आधार घेईल, हे उघड आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. कायद्याला सहवास झाला की नाही याच्याशी कर्तव्य नाही. संधी होती की नव्हती, एवढेच तो विचारतो. पुणे आणि जबलपूर यांच्यामध्ये तेव्हाही रेल्वे होती, सरकारी कारखान्यातील कर्मचाऱ्याला रजा होती, सणवार होते. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला होता, एवढ्यावर ‘संधी नव्हती’ असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही. ती नव्हती हे सिद्ध करण्याचा भार पूर्णपणे भावावर आहे, आणि पन्नास वर्षांनंतर, वडिलांच्या पश्चात, तो त्याला पेलणे फार अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कामतीदेवी विरुद्ध पोशीराम या खटल्यात असे सांगितले की, असा पुरावा नेहमीच्या दिवाणी दाव्यातील ‘अधिक संभवनीय’ या मापापेक्षा वरच्या दर्जाचा हवा आणि केवळ डीएनए अहवाल हे गृहीतक मोडायला पुरेसा नाही.

तुम्हाला एकच बाजू दाखवणे बरोबर होणार नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच, नागपूरकडील एका पतिपत्नीच्या पोटगीच्या वादात, न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या चाचणीला कायद्याच्या गृहीतकापेक्षा अधिक वजन दिले होते. तो निकाल तुमच्याविरुद्ध दाखवला जाईल. पण तेथे पती स्वतः हयात होता आणि पितृत्व तोच नाकारत होता. तुमच्या वडिलांनी मात्र तुम्हाला आयुष्यभर मुलगी म्हणून वागवले. तुमच्याशी अधिक जुळणारा निर्णय आहे तो ऑक्टोबर २०२१ मधील अशोककुमार विरुद्ध राज गुप्ता या प्रकरणातला : आईवडिलांच्या मालमत्तेच्या दाव्यात बहिणींनी भावाचे अपत्यत्व नाकारले होते आणि त्याने चाचणी करून घ्यावी, अशी मागणी केली होती. न्यायालयाने सक्तीला नकार दिला. ज्याचा जो पुरावा आहे त्यावर त्याने दावा लढावा, चाचणीस तयार नसलेल्या व्यक्तीला तशी भाग पाडू नये, कारण त्यात तिच्या खासगीपणाचा भंग होतो, असा त्यामागचा विचार आहे. २० फेब्रुवारी २०२३ चा आणखी एक निर्णय तर आपल्या पुण्याच्याच कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणातला आहे. तेथे पतीने मुलाची चाचणी खासगी प्रयोगशाळेतून आधीच करून घेतली होती आणि तिचा निष्कर्ष त्याच्या बाजूचा होता; तरीही सर्वोच्च न्यायालयाने चाचणीचा आदेश रद्द केला. तुमच्या भावाच्या हातात आहे त्याहून कितीतरी नेमका कागद तेथे अपुरा पडला.

तिवारींच्या प्रकरणाचा दाखला वरवर पटण्यासारखा आहे खरा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, गरज पडल्यास पोलिसांची मदत घेऊनही नमुना घेता येईल, असे ठरवले होते. परंतु तेथे मुलगा स्वतःचे वडील कोण, हे जाणून घेऊ इच्छित होता आणि ज्यांच्याविषयी तो म्हणत होता ते गृहस्थ हयात होते. बहिणीला अनौरस ठरवण्यासाठी तिच्या ७९ वर्षांच्या आईच्या चारित्र्याचा पंचनामा मागणे ही त्याच्या उलट टोकाची गोष्ट आहे. न्यायालय अशी चाचणी सहजासहजी देत नाही, हे तत्त्व १९९३ च्या गौतम कुंडू निर्णयापासून चालत आलेले आहे.

किटचा अहवाल जसा आहे तसा पुराव्यात आणणेही सोपे नाही. नळीत लाळ कोणाची पडली, ती कोणासमोर घेतली, मोहोरबंद कोणी केली, वाटेत कोणाच्या हातात होती, यांपैकी एकाही प्रश्नाला घरगुती किटकडे उत्तर नसते. तुमच्या घरी दिवाळीच्या गडबडीत दोन नळ्यांची अदलाबदल झाली नाही, हेही कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. त्यावर तज्ज्ञाची साक्ष हवी, संगणकीय प्रतीसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र हवे, आणि अमेरिकेतील कंपनीचा तज्ज्ञ शिवाजीनगरच्या न्यायालयात उलटतपासणीला येईल, असे मला वाटत नाही.

हिश्शाचे गणित थोडक्यात सांगतो. वाडा वडिलांच्या स्वकष्टाचा असेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार आई, भाऊ आणि तुम्ही असे तीन प्रथम वर्गाचे वारस, प्रत्येकी एक तृतीयांश. वाडा वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने तुम्ही जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटेकरी, आहात. मृत्यूपूर्वी वाटणी झाली असे मानून वडील, आई, भाऊ आणि तुम्ही यांना पाव पाव, आणि वडिलांचा पाव पुन्हा तिघांत. बेरीज केली तर उत्तर तेच येते, एक तृतीयांश. तुमचे लग्न कधी झाले, याचा त्यावर परिणाम होत नाही.

म्हणून हक्कसोडपत्रावर सही करू नका. कोऱ्या कागदावर, ‘फक्त बिल्डरला दाखवायला’ म्हणून पुढे केलेल्या संमतिपत्रावर, किंवा मुखत्यारपत्रावरही नाही. स्थावरातील हक्क नोंदणीकृत दस्ताशिवाय सोडला जात नाही, त्यामुळे नोटरीसमोरच्या कागदाने तुमचा हिस्सा कायद्याने जाणार नाही. पण असा कागद एकदा अस्तित्वात आला की तो निस्तरण्यात वर्षे जातात. आणि नोंदणी झालीच, तर दबावाने किंवा फसवणुकीने सही घेतली म्हणून तो दस्त रद्द करून घेण्याचा दावा, ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांत तुम्हालाच लावावा लागेल. या आठवड्यात सिटी सर्व्हे कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा उतारा काढा आणि तिघांची वारसनोंद झाली आहे का ते पाहा. पुनर्विकासकाला वकिलामार्फत लेखी नोटीस द्या की तुम्ही एक तृतीयांशाच्या सहमालक आहात आणि तुमच्या सहीखेरीज केलेला करार तुमच्यावर बंधनकारक राहणार नाही. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, वडिलांच्या नोकरीतील कुटुंबाची नोंद, जुनी शिधापत्रिका हे सारे एका फाइलमध्ये लावून ठेवा. तुमची बाजू मांडायला यापलीकडे प्रयोगशाळेची गरज पडू नये.

व्हॉट्सॲप गटातील मजकुराविषयी मला अधिक सावधपणे सांगावेसे वाटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली ती बदनामी ठरू शकते, आणि मजकूर खरा आहे एवढा बचाव पुरत नाही. तो सार्वजनिक हितासाठी प्रसिद्ध करणे आवश्यक होते, हेही दाखवावे लागते, जे येथे दिसत नाही. परंतु त्यातली खरी पीडित तुमची आई आहे आणि फिर्याद लावली तर जे आपण तिच्यापासून दूर ठेवू पाहतो आहोत तेच समन्स घेऊन तिच्या दारात येईल. तूर्त मजकूर काढून टाकण्याची नोटीस पुरे. त्या पडद्याची छायाचित्रे मात्र आजच काढून ठेवा, कारण भाऊ उद्या तो मजकूर पुसेल.

नोंदणी भाच्याच्या खात्यावर असल्यामुळे तुमच्या जनुकीय माहितीची किल्ली आज त्याच्या हातात आहे, आणि ही चूक आपल्याकडे सर्रास होते. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू नाही, आणि त्यातील मुख्य तरतुदी नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाल्यानंतर १८ महिन्यांनी अमलात यायच्या आहेत. त्यामुळे कंपनीच्या अटींवरच भिस्त ठेवावी लागेल. भाच्याला लेखी सांगून स्वतःचा मूळ अहवाल उतरवून घ्या, आणि मग नमुना नष्ट करण्याची व माहिती पुसण्याची विनंती पाठवा. ट्वेंटीथ्री अँड मी या नामांकित अमेरिकी कंपनीकडील सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरट्यांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा अशा माहितीचा मालक कोण, हा प्रश्न तेथील लाखो लोकांपुढे उभा राहिला होता.

राहिला आरोग्याचा भाग, जो खरे तर तुमचा मूळ प्रश्न होता. घरगुती अहवालातील कर्करोगविषयक नोंद हे निदान नव्हे. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने अशा चाचण्यांच्या कच्च्या माहितीतील जनुकीय बदल पुन्हा तपासले, तेव्हा त्यांपैकी ४० टक्के चुकीचे निघाले. म्हणून एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत, कर्करोगतज्ज्ञ आणि जनुकीय समुपदेशक यांच्या सल्ल्याने, स्वतःच्या नावाने चाचणी करून घ्या. आई आणि मावशी यांचा आजार पाहता हे भावाच्या धमकीपेक्षा अधिक तातडीचे आहे, आणि तुम्हाला मुलगी असेल तर तिच्यासाठीही.

विम्यासाठी ढोबळ नियम असा की प्रस्तावपत्रात जे विचारले आहे त्याचे खरे उत्तर द्यावे. कुटुंबातील कर्करोगाविषयी विचारले असेल तर आईचा आजार लिहावाच लागेल. जनुकीय चाचणीविषयी थेट प्रश्न असेल तर ‘नाही’ लिहू नका. ‘आधीपासूनचा आजार’ या व्याख्येत मात्र विमा घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार दिलेला आजार येतो. केवळ जनुकीय प्रवृत्ती हा आजार नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘जनुकीय विकार’ विम्यातून सरसकट वगळण्याची अट भेदभावकारक ठरवली, त्यानंतर विमा नियामकाने त्या कारणावर दावे न नाकारण्याचे आदेश कंपन्यांना दिले. त्या निकालाच्या व्यापक भागाला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती दिली, हेही लक्षात असू द्या. विम्याची रक्कम वाढवण्याचा विचार असेल तर अर्ज भरण्यापूर्वी त्यातील प्रश्न वकिलाला वाचायला द्या.

शेवटी, भाऊ दावा लावून तुमच्या पाठीमागे एकतर्फी मनाई हुकूम मागेल अशी शंका असल्यास, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली पुण्याच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालते आणि नंतर नव्याने द्यावे लागते. आईकडून यासंबंधी कोणतेही निवेदन वा प्रतिज्ञापत्र घेण्याची आज गरज नाही. वाड्यातील एक तृतीयांश हिस्सा तिचाही असल्यामुळे करारासाठी भावाला तिची सही मागायला जावेच लागेल. त्या वेळी तुम्ही किंवा तुमच्या वकिलाने तेथे उपस्थित राहावे.