तुमचा प्रश्न, ताईचं उत्तर : मिटवायचं की नाही ते सूनबाईला ठरवू द्या

प्रश्न : ताई, आम्ही पारोळा तालुक्यातले. माझा मोठा मुलगा, वय 34, गावात वेल्डिंगचं दुकान होतं. चार महिने होत आले, रात्री मोटरसायकलवर घरी येत होता तर पिकअपवाल्याने मागून उडवलं, जागेवरच गेला. ड्रायव्हर हळदीच्या कार्यक्रमातून पिऊन निघालेला. आता गाडीमालक चार मोठी माणसं घेऊन घरी येतो, तीन लाख देतो म्हणतो, स्टॅम्प पेपरही तयार करून आणलाय. म्हणतात, "तुमना पोऱ्या तं गया, आते दुसरानं घर कसाले बुडाडतस?" आणि ड्रायव्हर पिलेला होता म्हणून इन्शुरन्सवाले रुपया देणार नाहीत असंही सांगतात. घरात सून, 7 आणि 4 वर्षांची दोन लेकरं, माझी बायको. पतपेढीचं कर्ज आहे. दुकानात लोकांची अर्धी झालेली गेटं पडलीत, गिऱ्हाईकं ॲडव्हान्स परत मागतात. सही करून टाकू का?

उत्तर : नाना, सही करू नका. आधी हेच सांगते, बाकीचं नंतर.

तुमच्या पत्रात सगळ्यांचं म्हणणं आलंय, मालकाचं, गावातल्या मोठ्या माणसांचं, पतपेढीचं, फक्त सूनबाई काय म्हणते ते कुठेच नाही, आणि भरपाईवर पहिला हक्क तिचा आणि त्या दोन लेकरांचा आहे. तिला जवळ बसवून विचारा, तिच्या माहेरच्यांनाही बोलवा. गावकीने तिला न विचारता तिच्या नवऱ्याचा भाव ठरवायचा, याचा मला फार राग येतो, अशी पत्रं लग्नसराईनंतर येतातच.

आता तीन लाखांचा हिशोब बघू. अपघातात गेलेल्या माणसाची भरपाई कशी काढायची ते सुप्रीम कोर्टाने 2009 आणि 2017 च्या निकालांत ठरवून दिलंय. समजा मुलगा महिन्याला 15,000 कमवत होता, म्हणजे वर्षाचे 1,80,000. वय 40 च्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढे कमाई वाढली असती असं धरून त्यात 40 टक्के मिळवतात, झाले 2,52,000. त्याच्यावर अवलंबून चार माणसं, सून, दोन मुलं, आई, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी चौथा हिस्सा वजा, राहिले 1,89,000. 31 ते 35 वयाला 16 ने गुणायचं. 30,24,000 रुपये, नाना. शिवाय अंत्यविधी वगैरेचे थोडे वेगळे. कोर्ट एवढेच देईल असं मी लिहून देत नाही, कमाई सिद्ध करावी लागते, पण तीन लाख कुठे आणि हे कुठे ते तुम्हीच बघा.

आणि कमाई सिद्ध करायला ती ॲडव्हान्सची पावतीबुकं सांभाळून ठेवा, ज्यांच्यामुळे आज दारात लोक उभे राहतात तीच उद्या कामाला येतील. बिलबुक, लोखंडाच्या दुकानाची उधारीची वही, दुकानाचं लाईटबिल, बँकेचं पासबुक, फोनपेचे व्यवहार, पतपेढीचे कर्जाचे कागद, काहीच फेकू नका. अर्ध्या गेटांचे फोटो काढा आणि गिऱ्हाईकाला पैसे परत देताना लिहून घ्या की काम किती रुपयांचं ठरलं होतं.

इन्शुरन्सचं जे सांगतात ते घाबरवायला सांगतात. ड्रायव्हर पिलेला होता हा मालक आणि कंपनीचा आपसातला वाद आहे, रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना कोर्ट सहसा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मग कंपनीने ते मालकाकडून वसूल करायचे असतात. मालक स्वतः तीन लाख घेऊन का फिरतोय ते यातून कळेल.

वेळ मात्र थोडी आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज करायला कायद्यात सहा महिने दिलेत आणि तुमचे चार गेले. एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट, गाडीचे आणि इन्शुरन्सचे कागद यांच्या नकला पोलीस स्टेशनला लेखी अर्ज देऊन मागा, ड्रायव्हरचं रक्त त्या रात्री घेतलं होतं का तेही त्यात विचारा, 100 मिलीत 30 मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, सूनबाईच्या नावाने तालुका कोर्टात विचारा किंवा 15100 ला फोन लावा.

राहिला दुसऱ्याचं घर बुडवायचा प्रश्न. ते घर तुम्ही बुडवत नाही. केस सरकार चालवतंय, भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ती गावात बसून मिटत नाही, तुमच्या सहीने फक्त सूनबाईची बाजू लंगडी होईल. त्या ड्रायव्हरच्याही घरी बायको-पोरं असतील, त्यांचं मलाही वाईट वाटतं, पण त्याला हळदीत पाजून चावी हातात देणारे त्या रात्री कुठे होते?

प्रश्न : ताई, चोपड्याकडचं खेडं आमचं. माझे मालक बाजाराच्या दिवशी पिऊन गाडी चालवत येतात, पोरगा टाकीवर पुढे बसलेला असतो. बोललं की म्हणतात, इन्शुरन्स आहे ना!

उत्तर : ताई, तो इन्शुरन्स त्यांच्यासाठी नाहीच. गाडीसोबत मालक-चालकाचा जो 15 लाखांचा अपघात विमा असतो तो पिऊन गाडी चालवली तर मिळत नाही, उद्या काही झालं तर तुमच्या हातात काहीच येणार नाही. त्यांना हे सकाळी, न पिता असताना, सासऱ्यांसमोर सांगा. पोराला बाजाराला पाठवणं आजपासून बंद, त्यावरून भांडण झालं तरी चालेल. दारू सोडवायला 14446 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, घरचं माणूसही लावू शकतं, आधी तुम्हीच लावा.