‘शूट फॉर द मून’ म्हणजे काय? मुलाखतीत वापरलं तर चालेल का?

जवळजवळ अशक्य वाटणारी गोष्ट ठरवून अंगावर घेणं, एवढाच अर्थ. ‘फॉर’ तेवढा गाळू नका. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नुसतं ‘शूट द मून’ म्हणजे भाडं बुडवून रातोरात सामानासकट पसार होणं. ‘आस्क फॉर द मून’ हा तर टोमणाच, नाही ते मागणाऱ्याला मारायचा.

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ उतरलं आणि चवथीच्या सुट्टीआधी त्याच विषयावर वक्तृत्व स्पर्धा ठरली. नववीतल्या एका मुलीने भाषणाच्या शेवटी लिहिलं होतं की तीही शूट फॉर द मून करणार, रॉकेटं बनवणार. घरची स्थिती सगळ्यांना ठाऊक. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून बापाचा टिपर अंगणात ताडपत्रीखाली उभा, बँकेचे हप्ते मानेवर.

मी वर्गावर गेले होते, तेवढ्यात कागद आमच्या एका ज्येष्ठ सरांच्या हाती लागला. गणित शिकवतात, अक्षर छापल्यासारखं. लाल पेनाने ते वाक्य खोडून वर सुंदर अक्षरात लिहिलं, ‘अ गुड गव्हर्नमेंट जॉब’. आणि भर स्टाफरूममध्ये तिला म्हणाले, “पयलीं धावी पास जा गो, मागीर चंद्र.” म्हणजे आधी दहावी पास हो, मग चंद्र. मी दारातून आत येत होते. पोरीने कागदाची चौघडी केली आणि माझ्याकडे बघायचंही टाळून निघून गेली.

मी भांडले. सर म्हणाले, “टीचर, अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवा. उद्या ही पोर तोंडावर पडली तर सावरायला तुम्ही जाणार आहात?” मी त्यांना सांकवाळच्या धर्मानंद कोसंबींचं उदाहरण दिलं. शाळेचं शिक्षण बेताचं, पदरी बायको आणि तान्ही मुलगी, तरी १८९९ मध्ये बौद्ध धर्म शिकायचा म्हणून घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीपला पोचले, पाली शिकले आणि पुढे थेट हार्वर्डमध्ये ग्रंथसंपादनाला बसले. कुठल्या अंथरुणात मावले असते ते? सरांचं उत्तर तयारच होतं: “घर सोडून गेलेले बाकीचे शंभर कुठे गेले, ते कोण लिहितो?” मुद्दा बिनतोड आहे. कोसंबींच्या बायकोने काय सोसलं असेल, हेही त्यात धरा. पण म्हणून चौदा वर्षांच्या मुलीचं वाक्य खोडायचा हक्क कुणाला मिळत नाही, हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. खोडायचंच तर व्याकरण खोडा.

मुलीने स्पर्धेत मूळचंच वाक्य म्हटलं. मीच तसं सांगितलं होतं. बक्षीस मिळालं नाही आणि सर तेवढ्यावर अजून मला ऐकवत असतात. सध्या ती विज्ञान शाखेत आहे, पुढचं पुढे.

सरांचं एक मात्र मला मान्य. ‘नेम चुकला तरी ताऱ्यांमध्ये पडाल’ हे जे पोस्टरवर लिहितात, तो शुद्ध आचरटपणा. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्या थोडा पलीकडे. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून लांब. चुकलात तर मधल्या काळोखात लटकाल.

मुलाखतीचं म्हणाल तर बोलण्याच्या ओघात आलं तर येऊ द्या, अर्जात लिहू नका, घासून गुळगुळीत झालंय. आणि म्हटलंत तर पाठोपाठ नक्की काय करायचंय, त्यातलं आतापर्यंत काय केलंय, हे सांगता आलं पाहिजे. सरकारी खात्याची मुलाखत असेल तर तोंडातून काढूच नका, पलीकडे आमच्या सरांसारखं कुणीतरी बसलेलं असतं.