बाई 'मी येतो' म्हणाली तर?

प्रश्न असा आला आहे: 'माझी एक मैत्रीण कोल्हापूरकडची आहे. ती स्वतःबद्दल बोलताना "मी येतो", "मी दमलो" असं म्हणते. हे अशुद्ध ना? आणि मराठीत बायकांची भाषा मुळात वेगळी आहे का?'

अशुद्ध मुळीच नाही. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात बायका सर्रास असंच बोलतात, आणि त्यात पुरुषांची नक्कलही नाही. ती मैत्रीण दुसरीबद्दल 'ती आली'च म्हणेल. फक्त 'मी' म्हणताना तिथलं क्रियापद लिंग दाखवत नाही. शेजारच्या कानडीत नेमकं हेच घडतं: 'नानु बरुत्तेने' (मी येतो/येते) बाईही म्हणते, पुरुषही. हा त्या शेजाराचा परिणाम असावा, असं मला वाटतं.

आणि प्रमाण मराठी तरी कुठे एवढी काटेकोर आहे? एकटी बाई 'मी गेले' म्हणते, पण दोघी मिळून गेल्या की 'आम्ही गेलो'! ते कुणाच्याच कानाला खटकत नाही. 'मी जाईन', 'मी जाणार आहे', 'मला जायचंय' यांत बोलणारा कोण, ते कळत नाही. 'मी पत्र लिहिलं' यात क्रियापद पत्राच्या लिंगाने चालतं, लिहिणाऱ्याच्या नाही. म्हणजे आपण ज्याला बायकांचं क्रियापद म्हणतो ते मोजक्याच रूपांत दिसतं. मुंबईकडे ऐकू येणारं 'मी गेली' हेही 'ती गेली'च्या वळणावर बेतलेलं, स्वतःचं तर्कशास्त्र असलेलं रूप आहे. त्याला हसणं मला पटत नाही.

शब्दांपुरतं बोलायचं तर 'इश्श', 'अय्या' हे खास बायकांचे उद्गार, पण ते आता विरळ झालेत. 'अगं' आणि 'अरे' मात्र बोलणाऱ्यावर नाही, ऐकणाऱ्यावर ठरतात. तरी हल्ली मुली एकमेकींनाही 'अरे' म्हणतात.

अगदी वेगळी भाषा हवी असेल तर संस्कृत नाटकं पाहा. राजा संस्कृत बोलतो, राणी शौरसेनी प्राकृत, आणि स्त्रिया गाऊ लागल्या की महाराष्ट्री, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. पण तिथेही केवळ बाई-पुरुष असा भेद नाही: विदूषक पुरुष, शिवाय ब्राह्मण, तरी त्याच्या तोंडी प्राकृतच, उलट तापसी किंवा एखादी विदुषी संस्कृतही बोलते.