बांधीतल्या रास्पबेरी पायची मेमरी कुठे झिरपते?

प्रश्न : धानाच्या बांधीतलं पाणी मोजणाऱ्या सेन्सरसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर लिनक्स ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) लिहिला. तीन-चार दिवसांत मेमरी संपून पाय अडकतो. रीस्टार्ट केला की ठीक.
– एक वाचक, साकोली

उत्तर : आधी मेमइन्फो या मेमरीचा हिशेब देणाऱ्या फाइलमधला ‘एसअनरिक्लेम’ (कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, घेतलेली आणि सहज परत न मिळणारी मेमरी) हा आकडा तासातासाला लिहून ठेवा. तो चढतच राहिला, तर संशय ड्रायव्हरवर. मग केमेमलीक हे कर्नलमधलं गळती शोधणारं साधन चालू करून कर्नल कंपाइल करा. ते दर 10 मिनिटांनी मेमरी तपासतं आणि बेवारस तुकडा कोणत्या फंक्शनने मागितला ते दाखवतं. पाय त्याने मंदावतो, म्हणून ही तपासणी घरी करा, बांधीत नको.

चूक बहुधा अपयशाच्या वाटेवर सापडते : केमॅलॉक झालं (मेमरी मागितली), सेन्सरने उत्तर दिलं नाही, आणि केफ्री न करताच (मेमरी परत न देताच) रिटर्न. दर रीडिंगला हेच घडलं तर धुऱ्यातलं खेकड्याचं बीळच ते. सगळ्या चुकांच्या वाटा गोटू या उडी मारणाऱ्या आदेशाने एकाच लेबलवर आणा, तिथेच केफ्री करा.

प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडलं जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डेव्हएम-केझॅलॉक, म्हणजे आपोआप परत होणारी मेमरी मागणं, उत्तम. रीडिंगच्या फंक्शनमध्ये मात्र नको. ती मेमरी ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटेपर्यंत अडकून राहते. लिस्टमध्ये विसरलेला तुकडा केमेमलीकला सापडत नाही, कारण त्याचा पत्ता लिस्टमध्ये शाबूत असतो. तो कोड वाचूनच शोधावा लागेल.