धर्म नव्हे, धीर सुटल्याचं गाणं

प्रश्न : माझ्या मुलामुळे मला आर.ई.एम. या अमेरिकन बँडचं ‘लूझिंग माय रिलिजन’ हे गाणं ऐकायची सवय लागली. चाल डोक्यातून जात नाही. पण नाव ऐकून अस्वस्थ व्हायला होतं. हे गाणं नास्तिक होण्याबद्दल आहे का? तसं असेल तर व्हिडिओत आपल्या देवदेवतांसारखी माणसं कशाला दाखवली आहेत? आणि असलं उदास गाणं एवढं चाललं कसं?

उत्तर : तुमची जी समजूत झाली तीच माझीही होती, आणि मी ती बरीच वर्षं छातीठोकपणे इतरांच्या गळी उतरवली. गायकाचं चर्चशी बिनसलं असणार, असं मी मित्रांना रंगवून सांगायचो. पुढे कळलं की अमेरिकेच्या दक्षिण भागात हा एक जुना बोलीतला वाक्प्रचार आहे. माणूस इतका कावतो की त्याचा संयम सुटतो, सभ्यपणा गळून पडतो, तेव्हा तिकडे असं म्हणतात. ‘आता यात काही राम उरला नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा प्रभू रामचंद्रांविषयी आपल्याला थोडंच काही म्हणायचं असतं? तसंच हे. बँड जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा, त्यामुळे ही बोली त्यांच्या घरचीच.

गायक मायकेल स्टाइपने पुढे सांगितलं आहे की हे गाणं एकतर्फी प्रेमाचं आहे. जिच्यावर जीव जडलाय तिच्याशी बोलायची हिंमत नाही, आणि आपण जरा जास्तच बोलून गेलो की काय या शंकेने जीव खालीवर. ‘कोपऱ्यात उभा आहे तो मीच’ ही ओळ आठवते ना? आधी तिथे कोपरा नव्हता, स्वयंपाकघर होतं. समारंभात लाजून आत जाऊन उभा राहिलेला माणूस! मला तर पहिला शब्दही आवडतो, पण कोपऱ्याने काम जास्त चोख केलं हे खरं.

आता चालीकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे. गिटारवादक पीटर बक तेव्हा मॅन्डोलिन शिकत होता. टीव्ही बघता बघता सराव करायचा आणि तो टेपवर घ्यायचा. दुसऱ्या दिवशी टेप ऐकली तेव्हा नवशिक्याच्या खाडखुडीत ही सुरावट सापडली. मॅन्डोलिनला आठ तारा, दोनदोनच्या चार जोड्या. एका जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावतात, म्हणून तो थरथरता, किणकिणता आवाज येतो. या गाण्यापायीच मी एक मॅन्डोलिन विकत आणलं होतं. बोटांची टोकं सोलवटून निघाली, पण दोन महिन्यांत जे एकमेव काही जमलं ते हेच. शिकणाऱ्याच्या हातून निघालेली चाल शिकणाऱ्याच्या हातात बसते, एवढंच म्हणतो.

जुलै १९९० मध्ये या गाण्याचा कच्चा मसुदा झाला तेव्हा नाव होतं ‘शुगर केन’. म्हणजे चक्क ऊस! पक्कं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत झालं. स्टाइपने आपलं गाणं एका दमात, एकाच टेकमध्ये गाऊन टाकलं. व्हायोलिन वगैरे अटलांटा सिम्फनीच्या वादकांनी वाजवलं.

चाललं कसं, याचं उत्तर मात्र सरळ नाही. ध्रुवपद म्हणावं असं या गाण्यात काही नाही आणि आघाडीला मॅन्डोलिन. ‘आउट ऑफ टाइम’ अल्बममधून हेच आधी बाजारात आणायला कंपनी कां-कूं करत होती. बँड हटला नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये गाणं आलं आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४ थ्या क्रमांकावर पोचलं. यापेक्षा वर त्यांचं दुसरं कुठलंच गाणं गेलं नाही. यामागे नशीब आहेच, पण १९८० पासून कॉलेजच्या रेडिओवर, छोट्या सभागृहांत जमवलेला श्रोताही आहे. हा त्यांचा सातवा अल्बम होता, हे लोक विसरतात.

शिवाय तो व्हिडिओ. या अल्बमसाठी बँड दौऱ्यावर गेलाच नाही, ते काम एमटीव्हीवरच्या या चित्रफितीने केलं. दिग्दर्शक तरसेम सिंग, जन्म जालंधरचा. तुमच्या देवतांचं कोडं इथे सुटतं! कोलंबियन लेखक गार्सिया मार्केसची पंखवाल्या म्हाताऱ्याची कथा, जुना इटालियन चित्रकार काराव्हाज्योची चित्रं, ख्रिस्ती संत आणि हिंदू देवता असं सगळं त्याने आपल्याकडच्या सिनेमासारख्या स्वप्नाळू, भडक रंगांत मांडलं. टीका करायचा हेतू मला तरी त्यात दिसत नाही. पुन्हा बघाल तेव्हा सुरुवात नीट बघा : अंधारी खोली, पाण्याचे थेंब, तिघं जण धावत जातात, स्टाइप बसूनच राहतो. खिडकीतलं भांडं पडून फुटतं, आणि मगच मॅन्डोलिन सुरू होतं. १९९१ च्या एमटीव्ही सोहळ्यात या व्हिडिओला ६ पुरस्कार मिळाले.

प्रश्न : याला ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतात. पर्याय कशाला?

उत्तर : रेडिओवर दिवसभर वाजणाऱ्या, मोठ्या कंपन्यांच्या ठरीव संगीताला. निदान ऐंशीच्या दशकात तरी तसा अर्थ होता. पुढे तेच लोकप्रिय झालं आणि शब्दाची पंचाईत झाली. १९९२ च्या ग्रॅमी सोहळ्याने तर कमालच केली. ‘आउट ऑफ टाइम’ला सर्वोत्तम अल्टरनेटिव्ह अल्बमचा पुरस्कार, आणि त्याच रात्री त्यातल्याच ‘लूझिंग माय रिलिजन’ला पॉप गायनाचा!